दाणे संपलेलं जातं

"अगो, जातं रिकामं फिरतंय."

सासूबाई मागून असं म्हणाल्या तेव्हा आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो. गणपतीला दोन दिवस उरलेले, काचेवर ढग टेकलेला, पुढे एस. टी. आणि मागे ट्रक. कराडहून चिपळूणच्या पलीकडे त्यांच्या माहेरी निघालो होतो. गाडीत सहा माणसं, एक गुळाची ढेप, अर्धं पोतं शेंगा आणि दोघा पोरांनी मोबाइलवर लावलेल्या आरत्या. त्या गदारोळात जात्याचा संबंध मला लागलाच नाही. वाटलं, माहेर जवळ आलं की त्यांना जुनं आठवतं, तसंच काहीतरी.

वळण आलं, मी ब्रेक दाबला. "हे बघ, परत. दगडावर दगड."

आता आमची बसण्याची व्यवस्था सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आमची गाडी अकरा वर्षांची, डिझेलची, उंच आणि दणकट. सगळ्यात मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी आहेत. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्या मागच्या दाराने पाटावर पाय देऊन चढतात आणि एका बाकड्यावर पाय लांब सोडून बसतात. तिथे पट्टा नाही, हे मला टोचतं. पण मधल्या सीटवर पाय दुमडून तासभर बसल्या तर पुढचे दोन दिवस त्यांना उठता येत नाही. त्या बसतात ती जागा बरोबर मागच्या आसावर येते. त्यांच्या पावलांखाली डावं चाक.

आणि मी पुढे, चाकांपासून, डिझेल इंजिनाच्या घरघरीपासून आणि आरत्यांपासून सारख्याच अंतरावर. शिवाय मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. अकरावीला घर्षणाचं प्रकरण माझ्याकडे आहे. म्हणून मी आरशात बघून ठणठणीत उत्तर दिलं, "आई, पावसाचं पाणी जातं ना चाकात. लोखंडाला बारीक गंज धरतो, तो ब्रेकने खरवडला जातो. चार वेळा दाबलं की जाईल."

हे उत्तर खोटं नव्हतं. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला तसा आवाज येतो आणि जातो. पण आम्ही कराडहून निघून अडीच तास झाले होते. सकाळचा गंज पाटणच्या आधीच निघून गेला असता. एवढा साधा हिशेब मी केला नाही. नवरा शेजारून म्हणाला, "आईला सगळीकडे जातंच ऐकू येतं." सगळे हसलो. त्याही हसल्या, आणि गप्प बसल्या.

जातं ज्यांनी ओढलेलं नाही (मी त्यात आले) त्यांच्यासाठी: जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घासत नाहीत. त्यांच्या मधे दाण्यांचा थर असतो, त्या थरावर वरची तळी तरंगत फिरते. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची. वैरणीचा हात चुकला, मधला थर संपला, की घरघर बदलते. जाड, मऊ आवाजाच्या जागी कोरडी खरखर येते आणि पिठात दगडाची कच उतरते. सासूबाई म्हणतात, त्यांच्या आईला माजघरात बसून कळायचं, पडवीत कोण पोर जातं रिकामं ओढतेय ते. लगेच हाक यायची.

म्हणजे त्या दिवशी घाटात त्यांनी मला आठवण सांगितलीच नव्हती. निदान सांगितलं होतं.

आमच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन बाजूंनी पॅड चिमटतात ते) आहेत आणि मागे ड्रम. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं, कडेवर उभं केलेलं लोखंडी पातेलं समजा. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू बसवलेले असतात, एकमेकांकडे पोट करून. शूच्या बाहेरच्या वळणावर लायनर, म्हणजे घासण्यासाठीच केलेल्या पदार्थाची पट्टी, रिव्हेटने ठोकलेली किंवा चिकटवलेली. आपण पायाने दाबतो, नळीतलं तेल रेटा देतं, छोट्या सिलिंडरमधले दोन दट्टे बाहेर येतात, शू फाकतात आणि लायनर पातेल्याच्या आतल्या भिंतीला टेकतं. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात. एवढंच यंत्र. त्यातली एक चलाखी मला फार आवडते: पुढचा शू भिंतीला टेकला की फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो. गाडी स्वतःच्या वेगाने स्वतःचा ब्रेक घट्ट करते. पुढच्या शूचं लायनर सहसा आधी झिजतं ते त्यामुळे.

लायनर हीच वैरण. ते संपलं की रिव्हेटची डोकी आणि शूचं पोलाद थेट ड्रमवर. दगडावर दगड.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो. एस. टी.त उभे असलेले लोक झुकतात तसाच. त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात आणि मागचे वर्षानुवर्षं टिकतात. टिकतात म्हणून कुणी उघडून बघत नाही. डिस्कचं पॅड चाकाच्या फटीतून वाकून दिसतं. ड्रम मात्र चाक काढून, ठोकून, ओढून काढावा लागतो. आमच्या गेल्या तीन सर्व्हिसिंगच्या बिलांवर पुढच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे आणि मागच्या ब्रेकपुढे नुसती बरोबरची खूण. ड्रम न काढता ती खूण करता येते हे मला नंतर समजलं. त्या वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. अशी खूण करणारं ते एकटंच असेल असं वाटत नाही.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून खाली येऊन तिथे वीज करतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. दर वर्षी तिथून जाताना मी पोरांना ते सांगते आणि दर वर्षी ती मोबाइलमध्ये बघत असतात. या वेळी घरी आल्यावर मी तोच हिशेब आमच्या गाडीचा केला. माणसं-सामानासकट २,३०० किलो, उतार ५०० मीटरचा धरला तर सुटणारी ऊर्जा सव्वा कोटी ज्यूलच्या थोडी आत. म्हणजे विजेचे जेमतेम ३ युनिट. ऐकायला काहीच नाही. पण हीच उष्णता पाण्याला दिली तर सुमारे ३५ लिटर गार पाणी उकळेल. चांगला मोठा बंब. वीज तर होत नाही. म्हणून ती सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी, आणि कमी गिअर टाकून इंजिनावर गाडी उतरवली नाही तर ती चार चाकांच्या लोखंडात जाते. तापला की ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, मग पाय आणखी खाली जातो. त्यातून ब्रेक ऑईल जुनं असेल तर विचारूच नका. डॉट ३ प्रतीचं तेल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, डॉट ४ चं २३०. पण हे तेल हवेतली ओल पितं, आणि पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली तर नुसती दबते. पाय फरशीला टेकतो, गाडी मात्र चालतच राहते.

आमचं तेल चार वर्षांचं होतं. हे लिहितानाही पोटात खड्डा पडतो.

माहेरी पोचलो. मामांच्या अंगणात चिऱ्याच्या उतारावर गाडी लावली, उतार म्हणून हँडब्रेक कचकचून ओढला आणि गौरीविसर्जनापर्यंत तिच्याकडे कुणी बघितलं नाही. पाऊस सलग होता. निघायच्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, तर हलेना. थोडा जोर दिल्यावर मागे 'ठक्' झालं आणि सुटली. "चिकटलं होतं काहीतरी," नवरा म्हणाला. काय चिकटलं होतं, हे दोघांनीही विचारलं नाही. मागे आता ढेपेच्या जागी नारळ, सुपारी, तांदूळ, आणि सासूबाईंच्या मांडीवर मामींनी दिलेलं सोनचाफ्याचं रोप.

घाट चढताना ब्रेक लागत नाही, त्यामुळे जातं गप्प. पण कोयनानगरला भज्यांसाठी थांबलो तेव्हा जळका वास आला. मी नाक वर केलं. नवरा म्हणाला क्लच असेल, घाट आहे, गाडी भरलेली आहे. मलाही पटलं. सासूबाई पाटावरून उतरल्या, डाव्या चाकाजवळून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "हे चाक तव्यासारखं झालंय." आम्ही म्हटलं, हो, एवढ्या लांबून आलोय ना. उजव्या चाकापाशी जाऊन बघायला कितीसा वेळ लागला असता?

माझी जागा आता मला दिसते. खुणा एकामागून एक समोर येत होत्या आणि मी प्रत्येक खुणेला वेगळं उत्तर देत होते. आवाजाला गंज, ठक्ला ओल, वासाला क्लच, तापलेल्या चाकाला लांबचा प्रवास. डाव्या मागच्या रिंगवर काळपट तपकिरी भुकटी जमत होती, तिला चिखल. दर वेळी टाकी भरताना गाडी लिटरमागे एखादा किलोमीटर कमी देत होती, त्याला एसी. सगळी उत्तरं आपापल्या जागी शक्य कोटीतली. सहाही खुणा एका चाकाच्या आहेत हे तेवढं सुटलं. विद्यार्थ्याने असा पेपर लिहिला असता तर मी लाल शाईने काय लिहिलं असतं?

शेवटी मला ऐकू आलं ते कॉलेजच्या फाटकाशी. आत शिरताना डाव्या हाताला दगडी कुंपणाची लांब भिंत आहे. खिडकी उघडी होती, आरत्या नव्हत्या, गाडीत मी एकटी. गतिरोधकासाठी ब्रेक दाबला आणि भिंतीवरून तो आवाज परत माझ्या कानात आला. खर्र्र, खर्र्र. जातं मी आयुष्यात कधी ओढलेलं नाही, पण रिकामं जातं कसं वाजत असेल हे मला त्या क्षणी कळलं.

त्या रविवारी आम्ही रिकाम्या मैदानावर गाडी नेली. सासूबाईंना त्यांच्या जागेवर बसवूनच. त्यांना गंमत वाटत होती. डॉक्टरीणबाई म्हणून पोरं चिडवत होती. आवाजाच्या चौकशीला हत्यारं लागत नाहीत, क्रम लागतो. पहिलं, ब्रेक न लावता हळूहळू वेग वाढवला. वेगाबरोबर चढत जाणारी हुंकारासारखी घूं येत नव्हती आणि डावी-उजवी वळणं घेतल्यावर काही बदलत नव्हतं. म्हणजे बेअरिंगवरचा संशय कमी झाला. मग हलका ब्रेक: खरखर. किंचाळल्यासारखी चीं नव्हे. चीं बहुतेक वेळा लायनरचा पृष्ठ काचेसारखा गुळगुळीत झाल्याची असते. खरखर म्हणजे लोखंडाला लोखंड. मग मुख्य परीक्षा. आमच्या गाडीचा हँडब्रेक केबलीचा आहे आणि तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. पंधराच्या वेगाला, पायाने काहीही न दाबता, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून दांडा हळूच वर घेतला. (बटण सोडायचं नाही, आणि हे रस्त्यावर अजिबात करायचं नाही.) खर्र्र. म्हणजे पुढचे ब्रेक सुटले, मागचे सापडले.

"कुठल्या बाजूला, आई?" मी विचारलं.

"कितीदा सांगू? माझ्या पायाशी."

तरी मी भिंतीजवळून दोन फेऱ्या मारल्या, एकदा डावी बाजू भिंतीकडे, एकदा उजवी. शिक्षिकेला पडताळा लागतो. डावीच.

मग उतरून दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात धरला, न टेकवता. उजवं कोमट. डाव्यावर नवऱ्याने बाटलीतलं चार थेंब पाणी टाकलं, ते चर्र करून उडालं. मैदानावर दहा मिनिटं हळू चालवलेल्या गाडीचं चाक इतकं तापायचं काही कारण नव्हतं. हा ब्रेक लावलेला नसतानाही लागलेला होता.

घरी आल्यावर आम्हाला उत्साह आला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, नट जमिनीवर असतानाच सैल, मग जॅक, आसाखाली लोखंडी स्टँड, हँडब्रेक मोकळा. चाक निघालं. ड्रम निघेना. नवऱ्याने हातोडीने कडेकडेने ठोकून बघितलं, मी गंजावर तेल सोडून अर्धा तास वाट बघितली. सोसायटीतले तीन जण सल्ला देऊन गेले. मामांच्या अंगणातला खांब जसा जमिनीत रुतलाय तसा ड्रम बसला होता. संध्याकाळी चाक परत लावलं. गाडी रस्त्याने न्यायची हिंमत नव्हती; आमचे जुने मेस्त्रीच सोमवारी सकाळी हत्यारं घेऊन दारात आले. वर्कशॉपला बिलं छापून मिळतात म्हणून आम्ही यांच्याकडे जायचं सोडलं होतं. त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त ड्रमकडे बघून म्हणाले, "ठोकलाय व्हय?"

ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. मी ती आदल्या दिवशी पुसलीसुद्धा होती, कशाला आहेत असा विचार न करता. मेस्त्रींनी मागच्या प्लेटमधल्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हर घालून शू थोडे मिटवले, मग त्या दोन भोकांत दोन बोल्ट लावले आणि आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा आवळत गेले. बोल्ट आतल्या लोखंडाला टेकले आणि ड्रम स्वतःच मागे सरकत बाहेर आला. पाच मिनिटं. एकही ठोका नाही.

आत काळी भुकटी भरलेली. ती फुंकायची नाही, हवाही मारायची नाही; जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि नवी भुकटीसुद्धा छातीत जायच्या लायकीची नसते. मेस्त्रींनी साबणाच्या पाण्याने भिजवून पुसून काढली. मग दिसलं. पुढच्या शूचं लायनर कडांना कागदाइतकं उरलेलं आणि मधे रिव्हेटची पितळी डोकी घासून चकाकत होती. ड्रमच्या आतल्या भिंतीवर त्या रिव्हेटांनी कोरलेल्या गोल चऱ्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. मेस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं, अडकलं. नख अडकलं की लेथवर, म्हणजे ड्रम फिरवून आतून तासणाऱ्या यंत्रावर, न्यायचं, ही त्यांची मोजपट्टी.

उजवा ड्रम उघडला तर तिथे लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक.

इथे बरेच जण थांबतात. नवे शू टाका, बंद करा, चला. मेस्त्री थांबले नाहीत. "दोन्हीकडं सारखंच झिजायला पायजे. एकच कशानं गेलं?" त्यांनी सिलिंडरच्या दट्ट्यांवरचं रबर उचलून बघितलं, आत कोरडं, तेल गळत नव्हतं. स्प्रिंगा ठीक. मग मला आत बसवून हँडब्रेक ओढायला-सोडायला लावला आणि स्वतः केबलीकडे बघत राहिले. उजवी केबल जायची आणि यायची. डावी जायची, पण अर्ध्यातच थबकायची. तिच्या तोंडावरचं रबरी टोपण फाटलेलं होतं. तिथून पाणी आत शिरून आवरणात गंज धरला होता. म्हणजे डावा शू कायम ड्रमला अंग टेकून होता. दिवसरात्र, घाट असो वा सपाटी.

"वहिनी, ही केबल म्हंजे उसनं दिलेलं पैसं," मेस्त्री म्हणाले. "गेलं की येत न्हाईत."

आणि त्याच केबलीला मी मामांच्या अंगणात, चिऱ्याच्या ओल्या उतारावर, सात दिवस ताणून ठेवलं होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले असते तर चाललं असतं. कोकणात पावसाळ्यात गाडी लावणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. मामांनी दगड आणूनही दिले होते. मी "हँडब्रेक आहे" म्हणून परत केले.

दोन्ही ड्रम लेथवर गेले. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास किती चालेल हा आकडा ओतलेला असतो. आमचा मूळ २८० मिलिमीटरचा, मर्यादा २८२. लेथवाल्याने दोन्ही २८१ च्या आसपास आणून चऱ्या काढल्या. म्हणजे एवढ्यावेळी वाचले, पुन्हा असं झालं तर भंगारात. लायनर दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. मेस्त्रींनी एका वेळी एकच बाजू उघडी ठेवली. कुठली स्प्रिंग कुठे, शंका आली की दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचं. मोबाइलमध्ये फोटो काढा म्हटलं तर म्हणाले, "ती बाजू फोटोच हाय की." डावा-उजवा ॲडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा स्क्रू, मात्र त्यांनी आधीच वेगवेगळ्या डब्यांत टाकले होते, दोन्हींचे आटे एकमेकांच्या उलट असतात, अदलाबदल झाली तर ब्रेक जुळायच्या ऐवजी सैल होत जातो. शू जिथे मागच्या प्लेटला टेकतात तिथे बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस. नवी केबल. मग सगळं जुनं तेल काढून नवं डॉट ४, डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करून, कारण ते आमच्या गाडीत मुख्य सिलिंडरपासून सगळ्यात लांब. मी पायाने दाबायचं, त्यांनी नळीवरचा नट उघडायचा-मिटायचा. "दाब... धर... सोड." बाटलीत उतरलेलं तेल चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं.

सगळे मिळून ४,९०० रुपये. त्यातले १,२०० मजुरीचे, जे मी दोनदा विचारून खात्री करून घेतले.

अधल्या मधल्या वेळात, ड्रम लेथवर असताना, मी मोबाइलवर ब्रेक लायनरचा इतिहास वाचत बसले आणि मला बर्था बेन्झ भेटली. १८८८ चा ऑगस्ट. कार्ल बेन्झची बायको, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार काढून, दोन मुलग्यांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले तेव्हा तिने वाटेतल्या एका गावात चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांच्यावर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर लावण्याची ती सुरुवात मानली जाते. पण मी थांबले ते दुसऱ्याच तपशिलावर. फोर्झहाइमला तिची आई होती. मोटारीतून पहिला मोठा प्रवास कुणी केला, तर माहेरी निघालेल्या बाईने. आणि अंतरही आमच्याच एवढं, कराड ते चिपळूण.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पोहोचली ना?"

"पोहोचली. परतही आली."

"मग झालं."

जुना शू मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला होता. त्यांनी चष्मा लावून तो मांडीवर घेतला, रिव्हेटच्या चकाकत्या डोक्यांवरून अंगठा फिरवला. जात्याची धार गेली की पूर्वी टाकीवाली यायची, छिन्नीने तळ्यांना टिचे मारून द्यायची. तसं याला काही करतात का, असं विचारलं. म्हटलं, शूला नाही, पण ज्या भांड्यावर तो घासतो त्याला लेथवर करून आणलं. फरक एवढाच, टाकी लावून जातं खरबरीत करतात, याला गुळगुळीत केलं.

"म्हणजे उलटी टाकी," त्या म्हणाल्या आणि शू परत कागदात गुंडाळला. तो टाकून दिला असेल असं मला वाटत होतं. परवा बघितलं तर सोनचाफ्याच्या कुंडीखाली टेकण म्हणून लावलाय. वळण बरोबर बसलंय.

नवं लायनर आणि घासलेला ड्रम एकमेकांना लगेच ओळखत नाहीत. पहिले काही दिवस मधूनमधून, मागे कुणी नाही बघून, पन्नासवरून वीसवर सावकाश आणायची, थोडं गार होऊ द्यायचं, परत. जोराचा ब्रेक टाळायचा. तेवढं झाल्यावर आम्ही सगळे पाटणच्या रस्त्याने निघालो, मुद्दाम चढ-उतार असलेल्या बाजूने. आरत्या नाहीत, गाणी नाहीत. पोरांनाही बजावलं होतं. सासूबाई आपल्या जागी, पाय लांब, डोळे मिटलेले. मी उताराला ब्रेक दाबला. सोडला. परत दाबला.

"आई?"

काही नाही.

पुढच्या वळणाला परत. "आई, येतोय का आवाज?"

"नाही गो. चांगलं दळतंय आता."

नवऱ्याने सुस्कारा टाकला आणि हात रेडिओकडे नेला.

"पण पुढे, तुझ्या उजव्या बाजूला," मागून आवाज आला, "काहीतरी बारीक टिकटिकतंय. निघाल्यापासून."

त्याचा हात तिथेच थांबला. मी खिडकीची काच खाली केली.